गाडी किती देते, किती घेते

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की पेढे वाटून होण्याआधी एक प्रश्न हमखास येतो: "किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. सिल्वासा, रांधा, खानवेल या भागात स्थिरावलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्या हाच प्रश्न विचारत आल्या. गाडी किती घेते, हे कोणी विचारत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी विषय शोधताना आम्ही ठरवले, की हा उलटा हिशेब एकदा मांडून पाहावा. हिशेब मांडायचा तर थोडे मागे जावे लागते.

या प्रदेशाची सुरुवातच रस्त्याच्या भांडणाने झाली असे म्हटले तरी चालेल. २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्याचा इतिहास आपल्या स्मरणिकेत अनेकदा आला आहे. त्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो दावा लावला तो मात्र फारसा सांगितला जात नाही. दावा होता दमणहून इथे येण्याच्या वाटेचा. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट होती, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हती; आणि भारताने वाट अडवली त्यात त्याच्याकडून चूक झालेली नाही. वाट कोणाची आणि तिच्यावरून जाण्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न इथे मोटारींच्या आधीपासूनच आहे.

महाराष्ट्रातली मोटारीची गोष्ट वालचंद हिराचंदांपाशी सुरू होते. सोलापूरच्या या उद्योजकाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये ते गेले, म्हणजे त्यांच्या कारखान्याला घरोघरी ओळख देणारी फियाट ११०० त्यांनी रस्त्यावर पाहिलीच नाही. तिच्या गोल, फुगीर आकारामुळे मराठी माणसाने तिचे नाव ठेवले 'डुक्कर फियाट'. पुढे सत्तरच्या दशकात तिचीच वंशज प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून अमर झाली.

त्या काळी गाडीची किंमत छापील दरात कधीच मावत नसे. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री आणि वाटप सरकारच्या देखरेखीखाली आले. पैसे भरायचे, नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याचा नंबर लागे तो कागद हातात येताच वरच्या पैशांत विकू शके. स्कूटरचेही तेच. बजाजच्या नोंदणीची पावती ही घरात सोन्याच्या दागिन्यासारखी जपून ठेवायची वस्तू होती, आणि लग्नाच्या बैठकीत 'मुलाला स्कूटर' हा शब्द निर्लज्जपणे उच्चारला जाई. ही किंमत कोणत्या वधूपित्याने कशी चुकवली, त्याची नोंद कोणत्याही दरपत्रकात नाही.

याच टंचाईत इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी घडवली. पहिला नमुना १९४९ चा. नंतर बरीच वर्षे ते त्यात सुधारणा करत राहिले. मध्यमवर्गाला बारा हजारांच्या आसपास गाडी मिळावी, हे त्यांचे स्वप्न. ती उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. आमच्या मते ही महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातली मोठी हुरहूर आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी तरी मिळायला हव्यात.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्धामागोमाग तेल उत्पादक देशांनी भाव वाढवले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेल काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हापासून आपल्या मनात गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल हे समीकरण पक्के बसले, ते आजतागायत. पंपावरचा आकडा रोज दिसतो, बाकीचे खर्च दिसत नाहीत. जून २०१७ पासून तर तो आकडा रोज सकाळी बदलू लागला.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीत ग्राहकाच्या हाती गेली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. जानेवारी २००८ मध्ये नॅनो दाखवली गेली, तेव्हा 'एक लाखाची गाडी' हे शब्द घराघरांत पोहोचले. ती टिकली नाही. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण स्वस्त म्हणवली जाणारी गाडी नको होती. असो.

आता आमचा हिशेब. आकडे आम्ही ढोबळ धरले आहेत, आपापल्या घरचे घालून पाहावेत. आठ लाखांची गाडी, दीड लाख रोख, साडेसहा लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षे. हप्ता साडेतेरा हजारांच्या जवळ. व्याजच एक लाख साठ हजार. दहा वर्षांनी गाडी दोन लाखांना गेली असे धरू. म्हणजे घसारा वर्षाला साठ हजार आणि व्याज सोळा हजार. विमा सरासरी अठरा हजार. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वीस हजार. टोल, पार्किंग, धुलाई, पीयूसी बारा हजार. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला सोळा, पेट्रोल ९५ रुपये धरले तर साधारण एकोणसाठ हजार चारशे. बेरीज एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या पुढे. किलोमीटरला साडेअठरा रुपये. ज्या पेट्रोलवर आपण एवढी चर्चा करतो, ते या बेरजेत एक तृतीयांशही नाही! सर्वात मोठा वाटा घसाऱ्याचा. गाडी दारात नुसती उभी असतानाही तो चालूच असतो.

इव्हान इलिच नावाचा एक विचारवंत होऊन गेला. मूळचा व्हिएन्नाचा, बरीच वर्षे मेक्सिकोत राहिलेला. 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात १९७४ मध्ये त्याने अमेरिकन माणसाचा असा हिशेब केला, की गाडी चालवण्यात आणि तिच्यासाठी कमावण्यात तो वर्षाचे सोळाशे तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी. आम्ही तोच प्रयोग आपल्या भागातल्या, महिना पन्नास हजार कमावणाऱ्या नोकरदारावर करून पाहिला. वर्षाला तीनशे दिवस आठ तास काम धरले तर त्याचा तास अडीचशे रुपयांचा. गाडीच्या वार्षिक खर्चासाठी त्याला सुमारे ७४० तास राबावे लागते. दहा हजार किलोमीटर ताशी तीसच्या सरासरीने चालवायला ३३३ तास. एकूण १,०७३ तास. भागाकार केला तर वेग येतो ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर. आमच्या लहानपणी सायकलवर शाळेत येणारे गुरुजी याहून जोरात यायचे.

अर्थात, हा हिशेब कोणी मनावर घेऊन गाडी विकावी असे आमचे म्हणणे नाही. मध्यरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि दारात गाडी नसली तर काय होते, हे आतल्या पाड्यांवर राहिलेल्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्या आईला वापी स्टेशनचा जिना चढवून नेण्यापेक्षा थेट नाशिकला सोडणे, याची किंमत भागाकारात बसत नाही.

आपल्या प्रदेशाची एक खास गंमतही यात आहे. कर-सवलतींमुळे इथे कारखाने आले, कारखान्यांबरोबर आपल्यापैकी पुष्कळजण आले. आणि कर कमी म्हणून ठाण्या-नाशिकचे नातेवाईक 'तुमच्याकडे पासिंग करून द्या ना' म्हणून गळ घालू लागले. 'डीएन-०९'ची पाटी कितीतरी परक्या अंगणांत उभी राहिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४७ वे कलम सांगते, की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथे नवी नोंदणी करावी लागते, आणि तिथला करही मग आलाच. वाचवलेला पैसा पुढे दलालाकडे आणि खेटे घालण्यात गेला, हे अनेक भाओजींनी आम्हाला नंतर ऐकवले आहे. २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झाले आणि नव्या पाट्यांवर 'डीडी' आले.

जी किंमत आपण स्वतः चुकवत नाही, ती मात्र इथेच जवळ आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास दुचाकीवर होती आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणारी. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला, आपण मुंबईला ज्या महामार्गाने जातो त्यावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गणेशोत्सवाचेच दिवस होते. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आठ दिवस सगळ्यांनी मागे बसूनही पट्टा लावला. नंतर तो पुन्हा सीटखाली गेला.

तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती आपल्याकडे १९४६ पासून. त्याआधी गाडीखाली आलेल्याच्या घरच्यांना काही मिळायचे, तर ते गाडीवाल्याच्या खिशावर आणि मनावर अवलंबून असे. आज विम्याचा हप्ता भरताना आपण कुरकुरतो, पण मोटारीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दुसऱ्याच्या जिवाची किंमत मालकाच्या हिशेबात सक्तीने घालणारी अशी तरतूद दुसरी आम्हाला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या लाल गाडीनेच आपल्यापैकी अनेकांचे वडील ट्रंक आणि वळकटी घेऊन या बाजूला आले. आपण गाड्या घेतल्या, एसटीत बसणे सोडले. बसणारे कमी झाले तशा फेऱ्याही विरळ झाल्या. आता कारखान्यातला मजूर आणि पाड्यावरची कॉलेजकुमारी वडापच्या जीपमध्ये कोंबून जातात. आमच्या सोयीची ही किंमत त्यांनी चुकवली. जागेचेही तसेच. एका गाडीला उभे राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात, म्हणजे चांगली ऐसपैस खोली. मंडपाचा पहिला बांबू रोवण्याआधी कार्यकर्त्यांना दोन दिवस घरोघर 'काका, गाडी हलवा' करत फिरावे लागते, ते वेगळेच.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. वालचंदांच्या कारखान्याची ती शेवटची चालती खूण.

जुने फियाटवाले ग्लोव्ह-बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवत. तारीख, किलोमीटर, किती लिटर, भाव काय, ऑइल कधी बदलले, पंक्चरचे किती दिले, सगळे सुवाच्य अक्षरात. कुठे कुठे मधल्या पानावर 'तात्यांना दवाखान्यात नेले' किंवा 'सप्तशृंगी, सर्वजण' अशाही नोंदी दिसतात. अशा वह्या ज्यांच्या घरी अजून असतील त्यांनी त्या उत्सवाच्या दहा दिवसांत मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवाव्यात. आम्ही त्यांच्या प्रती काढून वर्षवार लावणार आहोत, मूळ वह्या अनंत चतुर्दशीपूर्वी ज्याच्या त्याला परत मिळतील.