जुन्या जीपचे जड चाक

जात्यावर दळताना तुम्ही कुणाला तरी पाहिले असेलच. दळणारी बाई खुंट्याला सारखा जोर देत नाही. हात जवळ येतो तेव्हा ती ओढते, दूर जातो तेव्हा नुसता सोबत ठेवते. आणि तरीही जाते अडखळत नाही. का? तर वरचा दगड जड आहे. मिळालेला जोर तो पोटात साठवतो आणि हात थकला की परत देतो. मोटारीच्या इंजिनामागे बसवलेले फ्लायव्हील हेच काम करते, दुसरे काही नाही.

मी इतिहास शिकवणारा माणूस. पाना-पकडीशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. पण चंद्रपुरातल्या एका मित्राने लिलावात एक जुनी विलीज जीप घेतली, आणि ती खोलून पुन्हा जुळवताना मी तीन रविवार कंदील धरून उभा राहिलो. तिकडे इंग्लंडात हौशी मंडळी एम्. जी. सारख्या दोन माणसांच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या अशाच खोलतात नि जोडतात. आमच्या जंगलमुलखाची जुनी लाडकी गाडी म्हणजे जीप. गाड्या निराळ्या, पण क्लच आणि फ्लायव्हील यांचे शास्त्र एकच.

हे शास्त्र काही एका दिवसात जन्मले नाही. १७८० साली इंग्लंडात जेम्स पिकार्ड याने वाफेच्या यंत्राला क्रँक जोडण्याचे पेटंट घेतले. तेव्हा जेम्स वॉटला आडवाटेने जावे लागले, आणि १७८१ साली त्याने दात्यांच्या चाकांच्या निराळ्या युक्तीचे पेटंट घेतले. मागेपुढे जाणाऱ्या दट्ट्यापासून गोल फिरणारी गती मिळाली. पण ती सलग राहावी म्हणून जड चाक हवेच होते. पुढे वाफेचे युग आपल्या जिल्ह्यातही आले. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची सरकारी खाण सुरू झाली, वर्धेहून तिथवर आगगाडी आली. ती खाण १९०६ साली बंद पडली. यंत्र आणि कोळसा या दोघांची ओळख या मुलखाला अशी जुनी आहे.

कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात फ्लायव्हील मागे आडवे बसवलेले होते आणि ते हाताने फिरवूनच इंजिन सुरू करावे लागे. पण पुढची अडचण मोठी होती. इंजिन फिरते आहे आणि गाडी उभी आहे. या दोघांची गाठ घालायची कशी? एकदम घातली तर इंजिन तरी बंद पडेल किंवा दाते तरी तुटतील. चालत्या बैलगाडीत चढणारा माणूस काय करतो? दोन पावले गाडीबरोबर धावतो, मग उडी घेतो. ती दोन पावले म्हणजे क्लच, बरं का! फिरत्या चाकाला एक चकती हळूहळू टेकते, थोडी घसरते, वेग धरते, आणि मग घट्ट चिकटते.

घसरायचे नि चिकटायचेही, असा पदार्थ शोधण्यात कितीतरी वर्षे गेली. सुरुवातीच्या पुष्कळ गाड्यांत फनेलच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चामडे मढवलेले असे. ते वाळून कडक झाले की गाडी हिसका देई, म्हणून चामड्याला तेल पाजावे लागे. म्हणजे आरंभीच्या मोटारीला फिटरइतकाच चर्मकारही लागत होता. १९३६ सालच्या एम्. जी. टी. ए. गाडीत तर बुचाचे तुकडे लावलेली चकती तेलात फिरत असे. तीन वर्षांनी आलेल्या टी. बी. गाडीत कोरडी चकती आली. इंग्लंडातच हर्बर्ट फ्रूड याने १९०८ च्या सुमारास ब्रेकसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर तयार केले आणि पुढे क्लचच्या चकत्यांनाही तेच लागले. ते टिकाऊ खरे, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक, हे जगाला पुष्कळ उशिरा उमगले.

आता आपल्या जीपकडे येऊ. १९४१ ते १९४५ या युद्धवर्षांत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. इंजिन चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे. युद्ध संपले आणि ही गाडी मुलकी कामाला लागली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात केली. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या भागांत जायचे तर दुसरी कुठली गाडी टिकणार? वाटेत नाले, नदीपात्रातली वाळू, पावसाळ्यात चिखल. वाळूतून गाडी काढताना चालक क्लच अर्धा दाबून धरतो, चकती घासत राहते, जळका वास येतो. या रस्त्यांनी किती क्लच खाल्ले असतील याची गणती कुणी ठेवलेली नाही.

आमच्या जीपचे दुखणे मात्र निराळे होते. कुठल्याशा वर्कशॉपात तिचा क्लच पूर्वी बदललेला होता, आणि तेव्हापासून ती सुरूच होत नव्हती. नुसते फटाके उडत. या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर खुणा कोरलेल्या असतात. बाहेरच्या आवरणाला एक छोटे भोक असते, त्यातून त्या दिसतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या अगदी वर आला की एक खूण भोकात यावी, आणि ठिणगीची खूण तिच्या जराशी आधी. आम्ही खुणेप्रमाणे ठिणगी लावली. पुन्हा फटाके.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. वय पंचाहत्तरीचे. पोरवयात जंगल-ठेकेदारांच्या गाड्यांवर हात बसलेला. त्यांनी भोकात पाहिलेसुद्धा नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला म्हणाले, “सर, हँडल फिरवा हळूहळू.” दाबलेली हवा अंगठ्याला ढकलू लागली, ढकलून थांबली; खूण मात्र कुठेच नव्हती. अर्धा फेरा आणखी फिरवला तेव्हा ती आली. काका हसले. “चाकावरची खूण खोटं बोलते, सर. अंगठा नाही बोलत.”

गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, तेव्हा उलगडा झाला. फ्लायव्हील क्रँकला धरणाऱ्या बोल्टांपैकी दोन मुळात निमुळते असतात, चाक आपल्या नेमक्या जागी यावे म्हणून. ते कुणीतरी हरवले होते, साधे बोल्ट कोंबले होते, आणि चाक अर्धा फेरा फिरवून बसवले होते. खूण खरी, पण जागा खोटी. आम्हा इतिहासवाल्यांना हे काही नवीन नाही. शिलालेख मूळ ठिकाणाहून उचलून दुसरीकडे उभा केला, तर त्याचे अक्षर न् अक्षर खरे असूनही तो वाचणाऱ्याला फसवतो.

मग काकांनी जुळवणी केली, ती तुम्हांलाही सांगून ठेवतो. आवरणातली धूळ ते तोंडाने फुंकू लागले, तेव्हा मी अडवले आणि ओला कपडा दिला. क्रँकच्या टोकातली बारीक पितळी बुश पाहिली, बोटभर ग्रीस लावले. पहिला नि चौथा दट्ट्या वर आणून, खूण जिथे हवी तिथे धरून, चाक नव्या निमुळत्या बोल्टांनी बसवले. चकतीचा लांब मुखाचा भाग गिअरबॉक्सकडे केला. चकती मध्यावर हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्यासाठी त्यांच्या पिशवीत सागवानाचा एक कातीव दांडा होता, जुना, तेलाने काळा झालेला. तो मध्ये घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले; एकच बाजू आधी आवळली तर प्लेट वाकडी होते. शेवटी क्लचचा पेडल पाऊण इंच मोकळा ठेवला.

दुपारी तीन वाजता जीप सुरू झाली. फटाका नाही, हिसका नाही.

निघताना मी काकांना विचारले, हे सगळे तुम्ही कुठे लिहून ठेवले आहे का? त्यांनी नुसते हात पुढे केले. ते आता थोडे थरथरतात. मी त्या संध्याकाळी वही काढली आणि सांगितलेले सगळे उतरवले. कोणता बोल्ट कुठे, कोणती खूण कशासमोर, तारखेसह. वाचकहो, तुमच्या घरी शिवणयंत्र असेल, मोट नाहीतर तेलाचे इंजिन असेल आणि ते जाणणारे एखादे म्हातारे माणूस गावात असेल, तर यंत्र खोलण्याआधी एक खडू आणि एक वही घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा.