बुबुळाच्या आतल्या थराचे रोपण

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे लोटतात आणि सकाळी उठल्यावर सारे धुक्यातून पाहावे तसे दिसू लागते; दुपारपर्यंत दृष्टी जराशी निवळते. अशी तक्रार असलेल्या वृद्धाचा दोष अनेकदा भिंगात नसतो, तर पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरात असतो. पारपटल म्हणजे सामान्य बोलीतले बुबुळ, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

डोळ्यातील द्राव या पडद्यात सतत झिरपतो. तो उपसून काढण्याचे काम आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर करतो. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अशा सुमारे अडीच ते तीन हजार पेशी असतात. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही. शेजारच्या पेशी पसरतात आणि संख्या पाचशेच्या आसपास उतरली की पडदा सुजतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने बाष्पीभवन होत नाही, म्हणून सकाळचा धूसरपणा अधिक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पेशींना बसलेला धक्का आणि बऱ्याचदा आनुवंशिक असणारा फुक्स विकार ही याची प्रमुख कारणे होत.

एदुआर्द झिर्म यांनी १९०५ साली पहिले यशस्वी पारपटल रोपण केले. तेव्हापासून सुमारे शतकभर दोष कोणत्याही थरात असला तरी बहुधा संपूर्ण पारपटलच बदलले जाई. सोळाच्या आसपास टाके, वाकडातिकडा चष्म्याचा नंबर आणि दृष्टी स्थिरावण्यास वर्षभराचा काळ! शिवाय तो जोड कायम कच्चा राहतो. बैलाच्या शिंगाचा निसटता फटकाही तो उघडू शकतो. धानशेती आणि जंगलावर जगणाऱ्या वडसा (देसाईगंज) परिसरात ही भीती पुस्तकी नव्हे.

नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांनी १९९८ साली केवळ मागचा थर बदलण्याची पद्धत मांडली. तिच्यातून पुढे ‘डीसेक’ आली. हिच्यात मायक्रोकेरॅटोम या यांत्रिक पात्याने दात्याच्या पारपटलाची शंभर-दीडशे मायक्रॉनची चकती कापतात. चार-पाच मिलिमीटरच्या छेदातून ती आत नेताना पेशी चिरडू नयेत, म्हणून मासिमो बुसिन यांनी नाळक्याच्या आकाराची धातूची पन्हळ योजली. आत गेलेली चकती हवेच्या बुडबुड्याने वर दाबून चिकटवतात. तिला टाके लागत नाहीत. मात्र बुडबुडा जागेवर राहण्यासाठी रुग्णाने छताकडे पाहत उताणे पडून राहणे आवश्यक असते.

मेलेस यांच्याच २००६ मधील ‘डीमेक’ पद्धतीत चकती नसते. असतो तो दहा-पंधरा मायक्रॉनचा पापुद्रा. तो सोलताच गुंडाळला जातो. निळ्या रंगाने तो दृश्य करून काचेच्या नळीतून आत सोडतात आणि बाहेरून हलक्या टिचक्या मारून उलगडतात. दृष्टी लवकर आणि अधिक स्वच्छ येते. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांत शरीराने कलम नाकारण्याचा संभव ‘डीमेक’मध्ये १ टक्का, ‘डीसेक’सारख्या पद्धतीत १२ टक्के आणि संपूर्ण रोपणात १८ टक्के आढळला.

तरीही आकड्यांवरून पद्धत निवडणे घाईचे ठरेल. पापुद्रा पहिल्या काही दिवसांत सुटू शकतो आणि मग हवा पुन्हा भरावी लागते. वडशावरून गोंदिया-बल्लारशाह लोहमार्ग जातो खरा, पण अशा उपचारांसाठी येथील रुग्णाला सामान्यतः नागपूर गाठावे लागते. नजर एकाएकी मंदावली तर त्याच दिवशी निघता येईल काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारायला हवा. मुक्कामाची सोय होत नसेल तर थोडी जाड, पण हाताळण्यास सुलभ चकती पत्करणे गैर नाही. धानाची लोंबी लागून बुरशीचा व्रण झाला आणि पांढरा डाग उरला, तर मात्र या दोन्ही पद्धती निरुपयोगी. तेथे दोष पुढच्या थरांत असतो.

‘डीमेक’ला पन्नाशीपुढचे दाते अधिक सोयीचे, कारण तरुण पापुद्रा घट्ट चिकटलेला असतो आणि सोलताना फाटतो. तेव्हा ‘म्हाताऱ्याचे डोळे कोण घेणार?’ हा नातेवाइकांचा समज चुकीचा आहे. चष्मा असला तरी नेत्रदान करता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी ते नेत्रपेढीला कळवावे, निर्णय पेशी मोजून होतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जावेत. तोवर पंखा बंद ठेवून मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. एम.के. द्रवात पारपटल सुमारे चार दिवस टिकते.