'जनरल'ची सही

नववीत असताना शाळेने एक छापील कागद घरी दिला होता. अर्धंच पान. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. खाली दोन चौकोन : 'बीजगणित-भूमिती' आणि 'सामान्य गणित'. एकावर खूण करायची आणि पालकांची सही आणायची.

साल २०११. आम्ही सरावलीत भाड्याच्या खोलीत राहायचो. पप्पा तारापूर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला होते. रात्री साडेअकराला आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, तेव्हा मी कागद पुढे केला.

"यातलं सोपं कुठलं?"

"सामान्य."

"मग तेच घे की. पास तर होशील."

सही झाली. त्या सहीने काय झालं हे मला कळलं दोन वर्षांनी, अकरावीचा फॉर्म भरताना. मला पुढे डीएमएलटी करून लॅबमध्ये काम करायचं होतं. गणितात ७८ मार्क होते. काउंटरवरच्या मॅडमनी मार्कलिस्ट पाहिली आणि म्हणाल्या, "जनरल आहे ना बाळा, सायन्स नाही मिळणार. कॉमर्स किंवा आर्ट्स लिही." मी कॉमर्स लिहिलं.

आज मी बोईसरमध्ये एका ट्रान्सपोर्ट ऑफिसचे हिशेब बघते. नोकरी बरी आहे, रडगाणं गायचं नाहीये. पण तो कागद डोक्यातून जात नाही. ते दोन चौकोन कुणी काढले? आधी होते का? आता कुठे गेले? शोधत गेले तर लक्षात आलं, माझ्या कागदामागे बराच जुना इतिहास आहे. आणि त्याचं पहिलं पान आमच्याच घरात होतं.

आत्याला विचारलं, "तुला दहावीला गणित कुठलं होतं गं?"

"दहावी कुठली? आमची अकरावी. आणि गणित नाही, अंकगणित. बीजगणित-भूमिती हुशार पोरांना. आम्हा मुलींना कोण विचारत होतं?"

आत्या १९७२ची मॅट्रिक. तेव्हा आपल्याकडे एसएससी अकरावीला असायची आणि गणिताच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. बीजगणित-भूमिती घेणारा पुढे विज्ञानाकडे, इंजिनिअरिंगकडे जाऊ शकायचा. अंकगणित घेणारा हिशेबापुरता. नियम सगळ्यांना सारखा होता, पण कुठल्या वाटेवर कोण दिसायचं, हे आत्या एका वाक्यात सांगून गेली.

ही गोष्ट वरच्या लोकांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. प्रश्न होता, मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का? समितीचं उत्तर होतं, नसावा. पाठोपाठ कोठारी आयोग आला (१९६४-६६). अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. आयोगाने सांगितलं, शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा.

हा काळ आमच्या भागासाठीही महत्त्वाचा आहे. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालं. एकीकडे देश अणुभट्टी बांधत होता, दुसरीकडे प्रत्येक मुलाने समीकरण सोडवायला शिकावं म्हणत होता. दोन्हीमागचं स्वप्न एकच होतं. फक्त अणुभट्टी बांधून झाली.

१९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली एसएससी परीक्षा झाली. १०+२+३चा आकृतिबंध आला, आणि बीजगणित-भूमिती सगळ्यांची झाली. आत्याच्या धाकट्या बहिणीला ती सक्तीने शिकावी लागली. कागदावर ही मोठी समता होती.

पण सक्ती केली म्हणून शिकवणं सुधारत नाही. पाड्यावरून चालत येणारं पोर, ज्याच्या घरात वारली बोलतात, ज्याची पाचवीपासूनची भागाकाराची बोंब आहे, त्याच्यासमोर नववीत एकदम बहुपदी आणि प्रमेय. ३५ मार्कांची रेघ सगळ्यांना सारखी. त्या रेघेखाली जे राहिले त्यांच्या नावापुढे 'दहावी नापास' लागलं. आमच्याकडे याचा अर्थ फार थेट आहे. एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर भरतीची पाटी लागते, त्यावर 'किमान १० वी पास' असतं. वॉचमन गणित विचारत नाही, मार्कलिस्ट विचारतो.

२००८च्या सुमारास राज्य मंडळाने सामान्य गणिताचा पर्याय आणला तो या मुलांसाठी. व्याज, शेकडेवारी, क्षेत्रफळ, रोजच्या व्यवहाराला लागणारं गणित. आणि इथे मला प्रामाणिक राहायला हवं. माझ्या बाकावरची मैत्रीण या पर्यायामुळेच दहावी पास झाली. तिच्या घरातली ती पहिली दहावी पास. तिला पॅकिंगमध्ये काम मिळालं, नंतर सुपरवायझर झाली. तिच्यासाठी तो चौकोन दार होता, माझ्यासाठी भिंत. कागद मात्र एकच होता.

२०१६ साली शिक्षण खात्याने सामान्य गणित बंद करायचं ठरवलं. आधी नववीतून गेलं, मग दहावीतून. पुन्हा सगळे एका वाटेवर. आजही दहावीच्या वेळापत्रकात गणिताच्या ओळीजवळ 'अंकगणित' दिसतं, पण ते फक्त पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. आत्याच्या विषयाचं नाव तेवढ्या एका ओळीत उरलंय.

बाकी मुलांचं काय झालं? पर्याय गेला, भीती तिथेच राहिली. ज्याच्याकडे पैसे आहेत तो क्लास लावतो. ज्याच्याकडे नाहीत तो गाईड पाठ करतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ साली आठवीतलं बीजगणित काढून सगळ्यांना ते नववीतच द्यायचं ठरवलं. हेतू हाच, की कमी वयात मुलांचे दोन गट पडू नयेत. ऐपत असलेल्या पालकांनी बाहेर पैसे भरून मुलांना आधीच शिकवलं. शेवटी २०२४ साली शहराने मतदान करून आठवीतलं बीजगणित परत मागितलं. शाळेने फाटा बंद केला, तर तो पालकांच्या खिशात उघडतो.

त्याच देशात रॉबर्ट मोझेस नावाचे गृहस्थ होते. साठच्या दशकात त्यांनी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जीव धोक्यात घातला. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, असं ते मांडायचे. ज्याला ते येत नाही, तो नव्या अर्थव्यवस्थेच्या बाहेर राहणार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काउंटरवरच्या मॅडम आठवल्या.

मग फाटा असावा की नसावा? मला वाटतं, खरा प्रश्न हा नाहीच. फाटा कुठे आहे, कधी येतो आणि तिथे पाटी लावलीय का, हा आहे.

आमच्याच शेजारचं उदाहरण घ्या. तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीतल्या शाळा सीबीएसईच्या. २०२०च्या दहावीपासून सीबीएसईने गणिताचे 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन स्तर केले. पण तिथे पाठ्यक्रम एकच, वर्ग एकच, बदलते ती बोर्डाची प्रश्नपत्रिका. म्हणजे 'बेसिक' निवडणारं पोरही वर्षभर तेच बीजगणित ऐकतं. माझ्या कागदाने मात्र नववीतच पुस्तक बदललं. नंतर परत यायचं म्हटलं तरी दोन वर्षांचं गणित मी पाहिलेलंच नव्हतं.

आणि हा जुना इतिहास आहे असं वाटत असेल, तर थांबा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की विषय दोन स्तरांवर देता येतील, आणि सुरुवात गणितापासून करावी. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक गोष्ट गाजली. गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० मार्क पडले तरी अकरावीला जाता येईल, फक्त मार्कलिस्टवर शेरा येईल की या विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. हे वाचून मी हसले. निदान यात भिंतीवर भिंत असं लिहिलेलं तरी आहे. आमच्या कागदावर तेही नव्हतं.

याच जिल्ह्यात एक वेगळा धडाही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसोबत काम केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. शिकवायला हाताशी असतील त्या बिया, खडे, शिंपले घेतले. 'या मुलांना जमणार नाही, त्यांचं कमी करू' असं त्या म्हणाल्या नाहीत. जमायला काय लागेल, ते शोधत राहिल्या. दहावीच्या वादात मला हेच कुणी बोलताना दिसत नाही. आपण गेली पन्नास वर्षं चौकोन वाढवतोय आणि खोडतोय. भागाकाराची बोंब पाचवीतली आहे, आणि आपण तिची दुरुस्ती नववीच्या फॉर्मवर करतोय.

माझा मामेभाऊ यंदा नववीत आहे, इथेच. परवा विचारत होता, "ताई, दोन लेव्हल येणार म्हणे. आली तर सोपी घेऊ का?"

मी नको म्हटलं नाही. माझ्या मैत्रिणीचं आयुष्य मी पाहिलंय. त्याला म्हटलं, "आधी दोन गोष्टी विचारून ये. हे घेतल्यावर काय काय बंद होतं? आणि वर्षभराने मन बदललं तर परत येता येतं का?"

"आणि सरांनी नाही सांगितलं तर?"

"तर सही करायला मला बोलाव. पप्पांना रात्री साडेअकराला नको विचारूस."