रोख्यावरचा शब्द

सार्वजनिक रोखा हा धारकास दिलेला लेखी शब्द असतो. सरदार सरोवर नर्मदा निगमाने १९९३ साली ३,६०० रुपयांस विकलेल्या रोख्याचे २०१४ मध्ये १,११,००० रुपये मिळावयाचे होते. मुदतीपूर्वी, ठरलेल्या टप्प्यांवर, बाहेर पडण्याचा पर्याय धारकास होता, निगमास नव्हता. पुढे व्याजदर उतरले. तेव्हा गुजरात विधानसभेने २००८ मध्ये कायदा करून निगमास तो अधिकार दिला आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपयांवर हिशेब मिटला. करारभंगाविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. मात्र करारच कायद्याने बदलला, तर त्या कायद्याच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान द्यावे लागते. धारकास जवळजवळ चौदापट रक्कम मिळाली, हे खरे. पण उरलेली पाच वर्षे थांबावे की नाही, हे ठरविण्याचा त्याचा हक्क गेला.