शाळेजवळचं घर



मैदान, प्रार्थना, गॅदरिंग आणि छड्या यांच्या आठवणी इतरजण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी थोडा इतिहास लिहिते आहे. त्याला कारणही घरचंच आहे. बारा वर्षांच्या बंगळुरूतल्या नोकरीनंतर आम्ही कर्जतला परत येतो आहोत. लेकीची सातवी संपते आहे, आणि गेलं वर्षभर आमच्या घरात एकच विषय आहे, तो म्हणजे तिची शाळा. प्रवेशपरीक्षा घेऊन मोजकीच मुलं घेणारी शाळा पाहायची, की घराजवळची?

सवयीप्रमाणे मी तक्ता केला. त्यात फी, निकाल, प्रवेशपरीक्षा, जागा, बोर्ड असे सगळे रकाने होते. माझ्या आईने तो चष्मा लावून नीट वाचला आणि एवढंच विचारलं, "आणि ती राहणार कुठे?" या प्रश्नाचा मागोवा घेताना मी जुनी चरित्रं वाचत गेले. आपल्या भागातल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे, असं मला आता वाटतं.

आपल्याकडे गाडी फार लवकर आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट प्रवासी डोलीतून, पालखीतून किंवा पायी चढत, आणि १८६३ मध्ये घाटातला रूळही पूर्ण झाला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या शाळा आपल्यापासून एका गाडीच्या अंतरावर होत्या. मुलगे त्या गाडीने गेले. आपल्याच जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या वकिलाचे चिरंजीव. ते १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला शिकले. मुलगा मामाकडे राही, वार लावून जेवी, खोली घेऊन राही. मुलीला यातलं काहीच करता येत नव्हतं. माझी आजी खालापूरची, चौथी पास. तिच्या धाकट्या भावाला पुण्याला ठेवलं. ती हुशार नव्हती म्हणून नव्हे. तिला ठेवायचं कुठे, याला उत्तर नव्हतं, म्हणून.

ज्यांनी उत्तर शोधलं त्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पहिली वाट म्हणजे घरच हलवायचं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या डॉक्टर म्हणून माहीत आहेत. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात कारकून होते. बायकोला शिकवायचं या एका वेडापायी ते बदल्यांमागून बदल्या घेत राहिले. त्या प्रवासातला एक मुक्काम आपल्या जिल्ह्यातल्या अलिबागचा, पुढे कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता. १८८३ मध्ये आनंदीबाई पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, गेल्या. गोपाळरावांच्या हट्टीपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खरंही आहे. पण शाळेसाठी बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं हे त्यांनी कृतीने मान्य केलं. फक्त दर मुक्कामी शेजारपाजार नवा, शाळा नवी, टोमणे मात्र तेच. बदली करून देणारं खातं होतं, आधार देणारी वस्ती नव्हती.

दुसरी वाट म्हणजे मुलीला दूर पाठवायचं. पुण्यात १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रा. गो. भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर ते उभं राहिलं म्हणून त्याला हुजूरपागा हे नाव पडलं. मुलींना मुलग्यांसारखा, इंग्रजीसकट अभ्यासक्रम कशाला, अशी टीका टिळकांच्या 'केसरी'ने केली. तरीही शाळा टिकली.

या शाळेतली एक विद्यार्थिनी मला विशेष जवळची वाटते. तिचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरूनच तिचं नाव इरावती ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला समुद्र ओलांडून हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवलं. आपण आज परदेशातल्या मित्रांच्या मुलांच्या शाळांची चर्चा करतो. एका मराठी बापाने तोच निर्णय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतला होता, तोही मुलीसाठी.

पण गोष्ट वसतिगृहाशी थांबत नाही. शाळेत इरावतीची मैत्री शकुंतला परांजपे हिच्याशी झाली, आणि शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे यांच्या घरी तिला दुसरं घर मिळालं. रँग्लर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, घरात पुस्तकं आणि वाद. पुढे इरावतीबाई अण्णासाहेब कर्व्यांच्या सूनबाई झाल्या, बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि 'युगान्त' लिहिलं. शाळेचं श्रेय आहेच. परंतु माझ्या तक्त्यात परांजप्यांच्या घराला रकाना नव्हता.

तिसरी वाट अण्णासाहेब कर्व्यांची. त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. ज्या विधवा मुलींना कुठलंच घर ठेवून घेत नव्हतं, त्यांना आधी छप्पर आणि जेवण, मग शाळा. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. क्रम लक्षात घ्या. घर पहिलं, विद्यापीठ वीस वर्षांनी.

चौथी वाट आपली. मुलगी शाळेकडे जात नसेल तर शाळा मुलीच्या गावाकडे आणायची. स्वातंत्र्यानंतर कर्जत, नेरळ, खोपोली, चौक अशा ठिकाणी स्थानिक माणसांच्या खटपटीतून हायस्कुलं उभी राहिली, वाढली. आपली शाळा त्यातलीच एक. १९५९ साली ई.बी.सी.ची फीसवलत आली. तो फॉर्म आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आपल्या थोरल्या भावंडांना नक्की आठवेल. ऐंशीच्या दशकात राज्याने मुलींचं शालेय शिक्षण मोफत केलं. आपल्या शाळेत प्रवेशपरीक्षा नव्हती, म्हणून निवड नव्हती असं मात्र नाही. वाडीवरून दीड तास चालत येणाऱ्या आपल्या वर्गातल्या दोघीजणी आठवीनंतर दिसेनाशा झाल्या. गणितात त्या माझ्या पुढे होत्या. त्यांची परीक्षा अंतराने घेतली. पावसाळ्यात ओढ्याने घेतली.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होतं. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा निघाल्या त्या राहण्या-जेवणासकट. नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ मध्ये देशात दोन ठिकाणी सुरू झाला, एक हरियाणातलं झज्जर आणि दुसरं आपलं अमरावती. प्रवेश सहावीला, परीक्षेने. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, आणि राहणं-जेवण मोफत. कल्पना सुंदर आहे. परीक्षा फक्त बुद्धीची घ्यायची, अंतराची नाही, कारण अंतर सरकारने वसतिगृह बांधून पुसून टाकलेलं. रायगडचं नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे.

आमच्यासारख्या गाव बदलणाऱ्यांना इथे एक नियम आडवा येतो. सहावीच्या परीक्षेला बसायचं तर पाचवी त्याच जिल्ह्यात शिकलेली हवी. नववीला रिकाम्या झालेल्या थोड्या जागांसाठी पुन्हा परीक्षा होते, तिथे आठवी त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. मग पटलं. हा नियम नसता तर शहरातल्या क्लासवाल्यांची मुलं आपल्या वाड्यांच्या जागा घेऊन गेली असती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत चाळणी लावून प्रवेश द्यायला मनाई केली. नवोदयसारख्या विशेष गटातल्या शाळांना त्यातून मोकळीक आहे. म्हणून चाळणी कुठे आहे यापेक्षा ती कुणाला गाळते, हे पाहायचं.

आम्ही काय ठरवलं ते सांगते. पुण्यातली एक नावाजलेली, परीक्षा घेणारी शाळा तक्त्यात पहिली होती. तिथे लेकीला वसतिगृहात ठेवावं लागलं असतं. तिला विचारलं. ती म्हणाली, "परीक्षा देईन, पण आत्ताच आजीला सोडून नाही." जूनपासून ती आठवीला कर्जतमध्येच, आजीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वर्षभरात तिला वाटलं तर नववीसाठी निजामपूरची परीक्षा देईल. जागा थोड्या आहेत, मिळेलच असं नाही. न मिळाली तर दहावीनंतर लोकल आहे, पुणं आहे. तोवर तिच्या पायाखाली जमीन असेल. मी आठवड्यातून दोन दिवस पुण्याला ये-जा करीन. बदली या वेळी आईने घेतली आहे.

शेवटी एक विनंती. दहावीनंतर आपण बरेचजण बाहेर पडलो. मी स्वतः इंजिनिअरिंगची चार वर्षं ठाण्याला मावशीच्या दोन खोल्यांत काढली. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या जागेत माझी पुस्तकं असत. तुमच्यापैकी कुणी आत्याकडे राहिलं, कुणी एखाद्या बाईंच्या घरी, कुणी वडिलांच्या गिरणीतल्या मित्राच्या चाळीत. शाळेच्या इतिहासात संस्थापक, मुख्याध्यापक आणि गुणवंत यांची नावं लिहिली जातात, ती लिहावीतच. पण मेळाव्याच्या दिवशी दाराशी एक वही ठेवणार आहे. ज्या घराने तुम्हाला शिकताना ठेवून घेतलं, त्या घरातल्या बाईचं नाव तिच्यात लिहा. आणि ज्यांची घरं आज पुण्यात, ठाण्यात, पनवेलला आहेत आणि ज्यांना आपल्या शाळेच्या एखाद्या मुलीला परीक्षेच्या काळात किंवा वर्षभर ठेवून घेता येईल, त्यांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहा. ते पान मी मुख्याध्यापकांकडे पोचतं करीन.