वस्तरा गेला, ब्लेड आले

नाशिकच्या रामकुंडावर क्षौर करून घेणारे यात्रेकरू आपण पाहिलेच असतील. तीर्थावरचे क्षौर ही जुनी रीत. पण रोज घरच्या घरी दाढी करणे, हे तसे कालपरवाचेच! पूर्वी गावचा न्हावी धोकटी घेऊन येई आणि सुगीला बलुते नेई. पुढे १९०३ साली अमेरिकेत जिलेटने बदलत्या ब्लेडचा रेझर विक्रीस काढला. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या हाती गेला आणि रोजच्या दाढीची सवय पसरली.

कुरळ्या केसांच्या माणसांची पंचाईत झाली ती इथे. उलटा हात फिरवून केस फार खोल कापला, की त्याचे तिरके टोक वळून कातडीतच शिरते. हनुवटीखाली पुटकुळ्या उठतात. लोक म्हणतात, रक्त बिघडले. तसे काही नसते. कोमट पाण्याने केस मऊ करावेत, कातडी ताणू नये, हात केसांच्या दिशेनेच फिरवावा. फारच त्रास असेल, तर काही आठवडे दाढी वाढू द्यावी. (मास्तरांनीसुद्धा खुशाल वाढवावी!) आणि न्हाव्याकडे गेलात, तर नवे ब्लेड मागून घ्या. दुसऱ्याचे रक्त लागलेल्या ब्लेडमधून काविळीची लागण होऊ शकते.