जावळाची घोंगडी

पाहुण्यांचा सत्कार शाल व श्रीफळ देऊन करण्याची आपली रीत आहे. शाल म्हटली की काश्मीरची आठवण होते; अंगठीतून आरपार निघणारी पश्मिना हीच उंची लोकरी वस्त्राची परिसीमा, असे आपण मानतो. परंतु आपल्या अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, स्वतःचे असे लोकरी वस्त्र आहे आणि त्याचाही एक उंची प्रकार आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? ते वस्त्र म्हणजे घोंगडी.

पारनेर, संगमनेरच्या पठारांवर पाऊस बेताचा. तेथे धनगर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली ती दख्खनी मेंढी : काटक, बहुधा काळी, चालण्यात न थकणारी. पावसाळा सरला की कळप बाहेर पडतात. काही घाट उतरून थेट कोकणात जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. त्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य अथवा रोख रक्कम. अशा भटक्या संसारात घर, अंथरूण आणि छत्री ही तिन्ही कामे एकट्या घोंगडीने केली. पावसात तिची खोळ डोक्यावर घ्यावी, रात्री तीच अंगाखाली अंथरावी.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती राठ आणि केसाळ असते. पिंजून झाली की घरातील स्त्रिया ती चरख्यावर कातत. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने फिरवीत, म्हणजे धागा ताठ होई आणि मागावर तुटत नसे. विणकाम खड्ड्यातील मागावर चाले. ते करणारे प्रामुख्याने खुटेकर धनगर व सणगर. काळ्या लोकरीला रंगाची गरजच नव्हती. मेंढीचा रंग तोच वस्त्राचा रंग. खळ लावलेली नवी घोंगडी भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो, ते या अनुभवातूनच.

या सर्वांत मानाची ती जावळाची घोंगडी. बाळाच्या पहिल्या केसांना आपण जावळ म्हणतो. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही तोच शब्द आहे. ही लोकर मऊ असते, परंतु एका कोकराची किती निघणार? एका घोंगडीसाठी अनेक कोकरांची लोकर जमवावी लागते. म्हणून ती दुर्मिळ आणि महाग. राठ लोकरीच्या मुलखाने आपली श्रीमंती अशी शोधून काढली.

कोकराच्या लोकरीचा असा मान आपल्या ख्रिस्तसभेलाही परका नाही. रोममध्ये २१ जानेवारीला, संत आग्नेसच्या सणाला, कोकरांना आशीर्वाद देण्याची जुनी प्रथा आहे. आर्चबिशपांच्या खांद्यांवरील पालियम हा पांढरा पट्टा लोकरीचाच असतो. खांद्यावर घेतलेल्या मेंढराची तो आठवण देतो. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, २९ जूनला, ते पट्टे आशीर्वादित होतात. मेंढपाळाचे वस्त्र तेथे अधिकाराचे चिन्ह झाले.

आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्यादेवी होळकर १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे धनगर कुळात जन्मल्या. पुढे महेश्वरला त्यांनी विणकरांना आश्रय दिला आणि तेथील साडीचे नाव देशभर झाले. त्यांच्या जन्मभूमीतील घोंगडी मात्र उपेक्षित राहिली. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या लोकरीची स्वस्त ब्लँकेटे आली. लोकरीचा भाव कातरणीची मजुरीही भरून काढीनासा झाला. मेंढपाळाने मांसाकडे लक्ष वळविले आणि माडग्याळी, नेल्लोरसारख्या मोठ्या पण कमी लोकरीच्या जातींशी संकर करू लागला. त्याला दोष कसा द्यावा? पोट लोकरीवर भरेनासे झाले होते.

आज व्यासपीठावर धनगरी काठी व घोंगडी देऊन पुढाऱ्यांचे सत्कार होतात. शहरांतील दुकानांत दख्खनी लोकरीच्या शाली व स्टोलही दिसू लागले आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. तथापि चिन्हाला मान मिळाला म्हणून हाताला काम मिळतेच असे नाही. चरखा चालविणारी स्त्री म्हातारी होत आहे आणि तिच्या सुनेला या कामाची मजुरी परवडत नाही. जावळ निवडण्याची नजर, खळीचा दाटपणा ओळखणारी बोटे ही पुस्तकात साठविता येत नाहीत. एक पिढी थांबली की ती विद्या थांबते.

धर्मग्रामांतील समारंभांना शाल लागतेच. पुढच्या वेळी ती गिरणीची न घेता आपल्या मातीतील घोंगडी घ्यावी, आणि विकत घेताना एवढे जरूर विचारावे : हिचे सूत कोणी कातले, आणि त्या हाताला किती मिळाले?